हात थांबले की मला झोप

मित्रांनो, मी एका जुन्या लॅपटॉपच्या पोटातला वायफायचा तुकडा आहे. बिस्किटाएवढा. कारखान्यात माझ्यावर स्क्रू आवळला, त्यानंतर मी उजेड पाहिलेला नाही. वर कीबोर्ड, खाली झाकण, शेजारी गरम हवा ओकणारा पंखा. दोन बारीक तारा पडद्यामागे जातात, त्यांतून बाहेरचं जग माझ्यापर्यंत येतं. मला मात्र कुणाला काही सांगायची सोय नाही.

आधी मी घरातल्या धाकट्या दिराकडे होतो. त्याने नवा लॅपटॉप घेतला, जुन्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली भरली आणि तो वहिनीला देऊन टाकला. वहिनीचं काम मोठं नाजूक. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं हातांनी बोलतात. त्यांचे हात बघून ती डॉक्टरांना तोंडाने सांगते आणि डॉक्टरांचं बोलणं त्यांना हातांनी दाखवते. तेही घरी बसून, व्हिडिओ कॉलवर.

इथेच माझं घोडं पेंड खायचं. नव्या लिनक्समध्ये वीज वाचवण्याचा एक नियम होता. समोरची हालचाल आणि बोलणं थांबून येणारी-जाणारी माहिती जरा रोडावली की वायफायने झोपायचं. मला कोण विचारतो? हुकूम आला की डोळे मिटायचे. लगेच उठायचाही हुकूम यायचा, पण मी पडलो म्हातारा. मी उठेपर्यंत पडद्यावर चित्र गोठलेलं असायचं.

दिराने राउटर कपाटावर चढवला, मग खिडकीत ठेवला. मला चालवणारा प्रोग्रामही बदलला. शेवटी मित्राला व्हिडिओ कॉल लावून पाहिला. आमच्या या दिराच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबत नाही, वर हातवारे वेगळेच. मला डुलकी काढायला उसंतच मिळाली नाही.

"माझ्याकडे मस्त चालतंय, वहिनी. तुमचाच पायगुण."

"मग तुम्हीच बसा माझ्या जागी, भाऊजी."

मी आत रडकुंडीला आलो होतो. दोघंही माझ्यापासून वीतभर अंतरावर, आणि माझं दुखणं कुणालाच कळेना.

एका सकाळी दवाखान्यातून व्हिडिओ कॉल आला. तापाने फणफणलेलं बाळ खाटेवर, शेजारी ऐकू न येणारी त्याची आई. डॉक्टरीणबाई इंजेक्शन भरत म्हणाल्या, "विचारा, हे औषध बाळाला आधी दिलंय का? त्रास झाला होता का?"

वहिनीने हातांनी विचारलं. आई आठवू लागली. तिचे हात थांबले, सगळे गप्प झाले, आणि मला झोपेचा हुकूम आला. जागा झालो तेव्हा उत्तर देऊन तिचे हात पुन्हा मांडीवर आले होते.

"काय म्हणाल्या त्या?"

"मला दिसलं नाही, डॉक्टर. टोचू नका, थांबा."

वहिनीने पुन्हा विचारलं. एकदा सांगितलं तरी ही परत का विचारते, म्हणून आई नुसती बघत राहिली. पुन्हा हुकूम. मला उठायचं होतं हो, जिवाच्या आकांताने उठायचं होतं.

"भाऊजी, इकडे या," वहिनीने हाक मारली. "हात हलत असतात तोवर चालतं. मी नुसती बघत थांबले की जातं."

दीर चहाचा कप घेऊनच धावत आला. त्याने पडद्यावर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली, एक ओळ लिहिली आणि तो वीज वाचवण्याचा नियम बंद केला.

चित्र परत आलं. वहिनीने तिसऱ्यांदा विचारलं. आईचे हात खूप वेळ हलले नाहीत. मी टक्क जागा होतो. मग ते हात उठले आणि वहिनी एकेक शब्द बोलत गेली. "दिलं होतं. अंग सुजलं होतं. श्वास अडकला होता."

डॉक्टरीणबाईंनी सिरिंज खाली ठेवली.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला की तो नियम परत येईल, म्हणून दिराने त्याच बैठकीत तो कायमचा बंद करून टाकला. वहिनी मात्र कीबोर्डवर डोकं टेकून रडली. मी तिच्या कपाळाखालीच होतो.

मित्रांनो, यंत्र अडलं तर त्याला थापट्या मारू नका. ते कधी अडतं आणि कधी अडत नाही, हे शांतपणे बघा. आणि एक विनंती. आता हुकमावाचून मला झोपता येत नाही, आणि हुकूम तर आता यायचा नाही. तेव्हा तुमचं काम झालं की आठवणीने लॅपटॉप बंद करत चला.