कोऱ्या डिस्कमधला आवाज

आमच्या सुतारकामाच्या शेडमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर बायका बसलेल्या, करवतीच्या टेबलावर शेजारचा न्हावी चढलेला, आणि मधोमध तारबाबा. गळ्यात माळेच्या जागी केबली. हातात सीलबंद डबी.

"बघा! कोरी डिस्क! आत काही नाही!" बाबानं सगळ्यांसमोर सील फोडलं. "देह म्हणजे हार्डवेअर, आत्मा म्हणजे डेटा. गेलेल्याला मी आज यात उतरवतो."

"मावेल का हो? अंगानं थोराड होता," न्हावी म्हणाला.

"श्रद्धा ठेव."

गेलेला म्हणजे माझा मोठा भाऊ. दादाचं लाकूड कोरायचं मशीन एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. त्यात त्यानं लिनक्स घातलेलं, म्हणजे कॉम्प्युटरला जागं करून कामाला लावतं ते. आणि दादा मस्करीचा. सकाळी बटण दाबलं की त्यानंच भरून ठेवलेला आवाज यायचा, "आलो गं, चहा ठेव!" शेडला लागूनच स्वयंपाकघर. वहिनी तिथून ओरडायची, "कळलं!"

दादा गेल्यावर दोन महिने मशीन मी चालवलं. मग जुनी डिस्क टकटक करायला लागली. मी नवी आणली, सगळ्या फायली ओढून तिच्यात टाकल्या. नवी सुरू होईना. जुनी परत लावली, तर तीही होईना. वहिनी दारात उभी राहून बघत होती. मी आपला चहाच्या टपरीवर जाऊन बोललो, "सगळं घातलं, पण जीव काही येईना." तिसऱ्या दिवशी हा बाबा दारात हजर.

तर बाबानं कॉम्प्युटरवर चादर टाकली. "डोळे मिटा!" पाऊण तास पन्नास माणसं डोळे मिटून बसली. मी एक उघडा ठेवला. बाबा मोबाइलवर गेम खेळत होता.

मग चादर निघाली. बटण दाबलं.

"आलो गं, चहा ठेव!"

वहिनी उठली ती थेट बाबाच्या पायावर. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

बाबानं जुनी डिस्क लाल फडक्यात गुंडाळली. "हे शव. हे मी नेणार. आणि आता इथं करवत चालायची नाही. आत्म्याला धूळ सोसत नाही. शेडची किल्ली द्या, मी सांभाळतो."

वहिनीनं खुंटीवरची किल्ली काढलीसुद्धा.

"वहिनी, अगं खायचं काय आपण?"

"भावजी, ते आत असताना तुम्ही लाकूड कापणार?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. दादाच्या नक्ष्या होत्या, वेलबुट्ट्या होत्या, आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी. 'स्क्रू शंभर, गोंद दोन डबे, दाढेचं औषध.' दाढ माझी. चिठ्ठी माझी. दादा गेल्यावर महिन्यानं लिहिलेली.

"बाबा," मी चिठ्ठीवर बोट ठेवून म्हटलं, "दादा आला हे बरं झालं. पण माझी दाढ कशी आली त्याच्याबरोबर?"

"आत्म्याला भावाची काळजी असते!"

"वा!" लोक म्हणाले.

तेवढ्यात शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई मागून उठल्या. "काळजी असेल हो. पण चिठ्ठीवर तारीखसुद्धा आहे, मिनिटासकट, आणि ती ते गेल्यानंतरची. हे कुणी आठवून आणलेलं नाही, जसंच्या तसं उतरवून घेतलंय. ती जुनी डिस्क द्या बघू."

"शवाला हात लावाल तर आत्मा भटकेल!"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "भावजी, चिठ्ठी तुमचीच?"

"दाढ दाखवू?"

तिनं किल्ली मुठीत घट्ट धरली. "बाबा, नवरा माझा होता. फडकं खाली ठेवा."

बाईंनी बाबाची नवी काढली, जुनी एकटीच लावली. तार आत ढकलली, 'टक्' झालं. बटण.

"आलो गं, चहा ठेव!"

"आता दोन झाले," न्हावी म्हणाला. "एक बाबाला देऊन टाका."

"जुनी गेलेलीच नव्हती," बाई मला म्हणाल्या. "तुम्ही तार अर्धीच खोचलीत." मला भुईत शिरावंसं झालं. "तुम्ही आणलेली ती न चालणारी नवी आणा, तिच्यात उतरवून दाखवते."

त्यांनी दोन्ही डिस्क जोडल्या, पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि कॉम्प्युटर त्याच्यावरून सुरू केला, म्हणजे दोन्ही डिस्क नुसत्या पडून राहिल्या. "वहिनी, जुनी कोणती, नवी कोणती, मोठ्यानं वाचा. दोनदा. उलटं झालं तर जुनीवरचं सगळं पुसलं जाईल, आणि त्यांचा आवाज खरंच जाईल."

वहिनीनं पडद्यावर बोट ठेवून वाचलं. दोनदा.

"तुम्ही फायली ओढल्यात," बाई मला म्हणाल्या, "म्हणजे घरातलं सामान नेलंत. कॉम्प्युटरला उठवणारा भाग डिस्कच्या सुरुवातीला असतो, तो मागेच राहिला. म्हणून पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत सगळं उतरवायचं. यानंही चादरीखाली हेच केलं."

"आणि टपरीवर बाबा तुझ्या मागच्याच बाकावर होता की," न्हावी बोलला. "जीव येईना म्हणालास तेव्हा."

पुन्हा पाऊण तास. या वेळी कुणी डोळे मिटले नाहीत. आकडे पुढे सरकताना बघत बायका शेंगा सोलत बसल्या. बाबा केव्हा सटकला कळलंच नाही. एक केबल मात्र राहिली, ती अजून माझ्याकडे आहे, चांगली चालते.

जुनी काढली, माझी लावली. बटण.

"आलो गं, चहा ठेव!"

"कळलं!" वहिनी सवयीनं ओरडली, आणि मग तोंडावर हात ठेवून खाली बसली. "म्हणजे ते यात नाहीत."

"नाहीत," बाई म्हणाल्या. "पण आवाज त्यांचाच. तो त्यांनी ठेवला, बाबानं नाही."

"आणखी एक करून द्या. पिठाच्या डब्यात ठेवीन."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तार अर्धी खोचून मीच त्या बाबाला घरात घेतलं, तेव्हा शहाणपण कुठल्या तोंडानं शिकवू? एवढंच सांगतो. नवल वाटलं तर वाटू द्या. पण ज्याला चादर टाकावी लागते, त्याची चादर आधी उचला. डोळे मिटा म्हणाला, तर दोन्ही उघडे ठेवा. आणि कळत नसेल तर, बाबांनो, लाज न धरता कळणाऱ्याला विचारा.

वहिनीनं डोळे पुसले आणि किल्ली माझ्यासमोर धरली.

"करवत लावा, भावजी. धुळीचं त्यांना कधीच काही नव्हतं."