ईस्टरनंतरची यंत्रं

मालकांनी बोलणं थांबवलं, चष्मा काढून पुसला आणि एतेलकाबाईंकडे पाहिलं. त्यांच्यापाठोपाठ बुटांच्या कारखान्यातली सगळी माणसं बाईंकडे पाहू लागली. शिलाई खात्यातल्या बायका पुढे बसल्या होत्या, कातडं कापणारे पुरुष मागे भिंतीला टेकून उभे होते.

ते बोलणं बाईंनी आता हंगेरियनमध्ये सांगायचं होतं. व्हिएन्नाहून आलेला हा गृहस्थ जर्मनच बोलत होता, पण शब्द गिळत, घाईघाईनं. ‘ईस्टरनंतर’ कळलं. ‘यंत्रं’ कळलं. ‘नवीन’ हा शब्दही स्पष्ट ऐकू आला. मधलं सगळं निसटून गेलं.

हंगेरीतून रशियन फौजा गेल्या, तशी शाळेतून रशियन भाषाही गेली. उभं आयुष्य रशियन शिकवलेल्या बाईंना सांगण्यात आलं, जर्मन शिका नाहीतर घरी बसा. तेव्हापासून दर शनिवारी जिल्ह्याच्या गावी जाऊन त्या एक धडा शिकून येत आणि सोमवारी तोच मुलांना शिकवत. दुभाषी म्हणून मॅनेजरला दुसरं कुणी सापडलं नव्हतं. त्यानं फारसं शोधलंही नसावं.

बाईंनी मालकांना ‘पुन्हा एकदा सांगा’ एवढंच म्हणायला हवं होतं. पण समोरच्यांपैकी निम्म्याजणांना बाईंनी कधी ना कधी उच्चार चुकला म्हणून फळ्यापाशी उभं केलं होतं. दुसऱ्या ओळीत बाईंच्या शेजारच्या घरातली गिझेला मान उंच करून बसली होती.

“ईस्टरनंतर नवीन यंत्रं येणार आहेत,” बाई म्हणाल्या.

मागून टाळी वाजली आणि सगळी खोली टाळ्यांनी भरून गेली. मालक चपापले. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर खाली मान घालून जर्दाळूच्या दारूचे पेले भरत होता. शेवटी मालक छातीवर हात ठेवून किंचित वाकले.

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या, कोटही न काढता, त्यांनी शब्दकोश उघडला. मालकांच्या बोलण्यातलं एक क्रियापद कानात अडकून राहिलं होतं. ते सापडलं. अर्थ होता, दुसरीकडे हलवणं. यंत्रं येणार नव्हती, जाणार होती. नवीन होती ती जागा.

सकाळी मॅनेजरला गाठून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. पण सकाळी दारात गिझेला उभी होती, हातात खसखस भरलेला गोड रोल. जिल्ह्याच्या गावी एका शिवणकामाच्या दुकानात तिला काम मिळत होतं. तिनं नुकताच फोन करून नाही म्हणून कळवलं होतं. रोजचा लांबचा प्रवास वाचला, मुलगी घरी एकटी राहणार नाही, असं ती सांगत होती.

“मॅनेजर म्हणाला असता तर विश्वास ठेवला नसता, बाई. तुम्ही सांगितलंत म्हणून.”

अजून वेळ गेलेली नव्हती. पुन्हा एक फोन केला असता तर काम तिचंच होतं. बाईंनी सुरी आणली, रोल कापला, आणि खसखस छान वाटली गेलीय असं म्हणाल्या.

ईस्टर झाला. परदेशी नंबरांचे ट्रक कारखान्याच्या आवारात येऊन उभे राहिले. शाळा सुटल्यावर बाई आपल्या गावी परतायला बसथांब्याकडे निघाल्या, तेव्हा फाटकाशी गर्दी होती. शिलाईची यंत्रं एकेक करून ट्रकमध्ये चढत होती आणि माणसं मालकाच्या नावानं बोटं मोडत होती. तोंडावर खोटं बोलला, पेले उंचावून खोटं बोलला, असं चाललं होतं. बाईंना कुणीच काही म्हणालं नाही. उलट एकीनं बाजूला सरून त्यांना वाट करून दिली.

“तो खोटं बोलला नाही,” बाई म्हणाल्या. “यंत्रं नेणार, असंच त्यानं सांगितलं होतं. मला कळलं नाही. मी चुकीचं सांगितलं.”

कापण खात्यातल्या म्हाताऱ्या वेंडेलनं डोक्यावरची टोपी मागे सारली. त्याचा आवाज चढला नाही.

“काय द्यायचं कबूल केलंय त्यानं तुम्हाला?”

“काहीच नाही.”

“आधी रशियनांचं गोडगोड सांगायचात, आता यांचं. पोटासाठी करावं लागतं, समजतं आम्हाला. पण बाई, आजचा दिवस तरी नको.”

कुणी हसलं नाही. काहींनी तर दया आल्यासारखी नजर वळवली. बाईंनी गर्दीत गिझेलाला शोधलं. ती फाटकाच्या खांबाला टेकून एकटक त्यांच्याकडे पाहत होती.

“कधी कळलं तुम्हाला?” गिझेलानं विचारलं.

बाईंना ‘आत्ता’ म्हणता आलं असतं. ‘ट्रक आले तेव्हा’ असंही चाललं असतं.

“त्याच संध्याकाळी.”

गिझेलानं ऊन असूनही कोटाची बटणं लावली. एकेक करून, गळ्यापर्यंत.

“वेंडेलकाका, सोडा त्यांना,” ती म्हणाली. “त्या खोटं बोलत नाहीयेत.”

आणि ती थांब्याकडे निघून गेली.

थोड्या वेळानं बस आली. गिझेला खिडकीशी जाऊन बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. ड्रायव्हर बाईंना ओळखत होता, लहानपणी त्यांच्याच वर्गात होता. त्यानं दार उघडं धरून ठेवलं. बाईंनी हातानंच त्याला जा म्हणून खुणावलं. तरीही तो थोडा वेळ थांबला.

मग दार मिटलं, आणि बाई रस्त्याच्या कडेनं गावाकडे चालू लागल्या.