पीटरबरोची सवाष्ण

टूरची मीटिंग साडेदहाची, मी दहालाच जाऊन बसले. खांदा कॉलनीतला सुशांत ही टूर काढतो. वीस माणसं, आठ दिवस, इंग्लंडातल्या ट्यूडर राजाराण्यांची चर्च आणि कॉलेजं. खरं सांगते, आठवडाभर मला धड झोप नव्हती. केंब्रिजला किंग्ज कॉलेजचं चॅपेल, आठव्या हेन्रीने काढलेलं ट्रिनिटी कॉलेज, आणि तिथून तासाभरावर पीटरबरोचं कॅथेड्रल. तिथे हेन्रीची पहिली राणी कॅथरीन पुरलेली आहे. मी नाव घातलं ते तिच्यासाठी.

आणि सुशांत म्हणतो, "कुमुदताई, पीटरबरो कट करू या का? त्या दिवशी सगळ्यांना शॉपिंग हवंय."

माझं डोकंच फिरलं. "चॉकलेटं पनवेलच्या बाजारातही मिळतात," मी म्हटलं.

"पण थडग्यात बघायचं काय?" वल्लरीने विचारलं. ही माझ्याच बिल्डिंगमधली. दर संक्रांतीला प्रत्येक मजल्यावर हळदीकुंकवाचं बोलावणं करते, फक्त माझं दार सोडून. बारा वर्षांपूर्वी माझा नवरा मला टाकून रोडपालीला दुसरीबरोबर राहायला गेला, म्हणून. मंगळसूत्र मी अजून घालते.

मग मी उभीच राहिले आणि सगळं सांगितलं. वीस-बावीस वर्षांचा संसार, पण मुलगा जगला नाही म्हणून राजाने हिला घराबाहेर काढलं, लग्नच खोटं ठरवलं आणि दुसरी आणली. किंग्जच्या चॅपेलमध्ये लाकडावर राजाच्या अक्षरांशेजारी त्या दुसरीची अक्षरं कोरलेली आहेत. हिला पोटच्या लेकीला भेटू दिलं नाही. तरी बाई मरेपर्यंत हेच म्हणत राहिली, मीच त्याची लग्नाची बायको. डाळिंब हे तिचं चिन्ह, लोक आजही तिच्या थडग्यावर डाळिंबं ठेवतात.

वल्लरीने हळूच विचारलं, "आधी कोण गेलं? राजा की ती?"

"ती. अकरा वर्षं आधी."

"म्हणजे सवाष्ण गेली की हो बाई. मग तिची ओटी भरायलाच हवी. खण मी घेते. सुशांत, डाळिंब तिथे मिळेल ना?"

झालं, बायकांचा एकच गलका. नारळ कुठल्या बॅगेत, तांदूळ नेऊ देतात का, चर्चमध्ये चालेल का. वल्लरीचा नवरा कुंदन म्हणाला, "आणि शॉपिंग?" तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. सुशांतने निमूट पीटरबरो परत लिहिलं.

मी नाचायचीच काय ती बाकी होते. त्याच भरात तोंडातून निघून गेलं, "पाचशे वर्षांनी का होईना, टाकलेल्या बाईची ओटी भरताय. मीही तेवढंच थांबू का?"

बोलले आणि जीभ चावली. वल्लरीचा चेहरा उतरला. ती उठली, ऑफिसच्या कोपऱ्यातल्या गणपतीपुढे गेली, कुंकवाची कोयरी घेतली आणि तिथला नारळ उचलला.

"वहिनी, तो टूरच्या मुहूर्ताचा आहे," सुशांत म्हणाला.

"दुसरा आण."

ती माझ्यासमोर आली, मला कुंकू लावलं. "ओढणी पुढे करा, कुमुदताई."

मी केली. तिने नारळ ओटीत घातला, आणि मीटिंग संपेपर्यंत मी तो खाली ठेवला नाही.