उजवा गाल

भूपेशने उर्वशीची खालची पापणी अंगठ्याने ओढून धरली आणि बाटली दाबली. थेंब डोळ्यात न पडता गालावरून ओघळला आणि उशीत जिरला.

"नाई पडला," ती म्हणाली.

"थांब. हलू नोको."

"मी कुठी हलून राह्यली? तुमचाच हात हलते."

खरंच हलत होता. याच हाताने तो रंगमंचावर प्रत्येक प्रयोगात एका माणसाच्या बरगडीला सुरा लावायचा आणि सुरा कधी चुकून टोचला नव्हता. दुसऱ्या वेळी थेंब बरोबर पडला. उर्वशीने उशीची कड मुठीत आवळली, पण तोंडातून आवाज काढला नाही. उजव्या डोळ्यातलं सगळं पांढरं लाल झालं होतं आणि बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा मळकट ठिपका बसला होता. भूपेशला तो ठिपका बघवत नव्हता आणि दर तासाला बघावा लागत होता.

चंद्रपूरच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात ती दोघं परवा आली होती. कुरखेड्याकडचा नाटकाचा प्रयोग आटोपून गाडी वडशाला परतत असताना उर्वशी डोळ्यावर ओढणी दाबून कण्हायला लागली, तेव्हा कुठे कंपनीने वाट वाकडी करून त्यांना आरमोरीला उतरवलं. तिथल्या डॉक्टरने डोळ्यावर बॅटरी मारली आणि एक क्षणही न दवडता चंद्रपूरचा रस्ता दाखवला.

डॉक्टरबाई सकाळच्या फेरीला आल्या. वयाने उर्वशीहूनही लहान असतील. त्यांनी ठिपका बघितला, बराच वेळ बघितला, आणि खुर्ची ओढून बसल्या. फेरीवरचा डॉक्टर खुर्ची ओढून बसला की काहीतरी बिनसलेलं असतं, हे भूपेशला नाटकं लिहून लिहून ठाऊक झालं होतं.

"उर्वशीताई, औषध लागू पडायला हवं तसं पडत नाहीये. मला पुन्हा एकदा सगळं नीट सांगा. या लेन्स कितीच्या होत्या? रोजच्या, महिन्याच्या, वर्षाच्या?"

"महिन्याच्या."

"डबी कधी फोडली?"

"दिवाळी झाल्यावर. सीझन सुरू झाला तवा."

डॉक्टरबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पळसाला फुलं आली होती.

"अहो, शिवरात्र होऊन गेली. महिन्याच्या लेन्स तुम्ही अजून घालताय?"

उर्वशीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. भूपेशनेच घसा खाकरला.

"मॅडम, महिना म्हंजे तीस दिवस न? आमी तीस प्रयोग पकडले. ज्या दिवशी नाटक नाई त्या दिवशी लेन्स डबीतच राहे. ते दिवस आमी धरले नाई."

डॉक्टरबाई हसतील असं त्याला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"लेन्सला नाटक आहे की नाही ते कळत नाही हो. पाकीट फोडलं त्या दिवसापासून तिचा महिना सुरू होतो. डबीत पडून राहिली तरी ती जुनी होते, तिच्यावर घाण बसते, जंतू धरतात. आणि घालून झोपत होता का?"

"कवा कवा," उर्वशी म्हणाली.

"डोळा लाल कधीपासून आहे?"

"इथी याच्या आदल्या दिवशीपासून."

"नक्की? त्याआधी काही टोचणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं?"

"नाई. आणि यायले तर मी सांगितलंच नोहोतं."

भूपेश बाटलीचं झाकण लावत होता. ते लागलेलंच होतं, तरी तो ते फिरवत राहिला. डॉक्टरबाई उठल्या.

"चुकीचं सांगाल तर मीही चुकीचंच औषध देत बसेन," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

उर्वशी धादांत खोटं बोलली होती, आणि ते कोणासाठी हे दोघांनाही माहीत होतं.

*

वडशाच्या नाटक कंपन्यांत सगळा हिशेब प्रयोगांचा. नटाची बिदागी प्रयोगावर, पावडरचा डबा प्रयोगावर, पडद्याची दोरी बदलायची ती प्रयोगावर. नवा माणूस आला तरी त्याचं वय कोणी विचारत नाही, किती प्रयोग झाले ते विचारतात. सीझनमध्ये दिवस हा झोपण्यासाठी असतो, तो कोण मोजणार? चष्म्याच्या दुकानदाराने बिचाऱ्याने नीट सांगितलं होतं की महिना झाला की फेकून द्या आणि रात्री झोपताना काढा. रात्री झोपताना, हे ऐकून दोघं नवरा-बायको दुकानातच फिसकन हसली होती.

लेन्सची गरज मात्र खरी होती. उर्वशीला चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं तोंड ओळखू यायचं नाही आणि चष्मा लावलेली नायिका या मुलखात कोणी खपवून घेतली नसती. एका गावात ती नाटकातल्या नवऱ्याऐवजी सासऱ्याच्या गळ्यात पडली होती. त्या गावात आजही कंपनीची गाडी शिरली की पोरं त्या सासऱ्याची चौकशी करतात. लेन्स आल्यावर तिचं काम सुधारलं. ती समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायला लागली.

यंदाचं नाटक भूपेशचं होतं. लिहिलेलं त्याने, बसवलेलं त्याने, आणि खलनायकही तोच. तिसऱ्या अंकात बहीण, म्हणजे उर्वशी, भावाच्या दाराशी येते आणि भाऊ तिला ओळख देत नाही. तिला एकही वाक्य नाही. नुसतं उभं राहायचं आणि रडायचं. सुरुवातीचे सगळे प्रयोग तिने ग्लिसरीन लावून काढले, आणि लोकांना ते कळायचं. झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला खोट्या रडण्याने फसवता येत नाही. तो सीन आला की मागची माणसं शाल सावरत चहाच्या ठेल्याकडे निघायची, आणि विंगेत उभा भूपेश ते बघत राहायचा.

मग आरमोरीच्या अलीकडच्या एका गावात, ग्लिसरीनची बाटली उघडायच्या आधीच तिच्या उजव्या डोळ्यातून धार लागली. ती थांबेना. पुढे बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. चहावाल्याकडे निघालेला एक म्हातारा उभ्या जागी थांबला आणि तसाच उभा राहिला. पडदा पडल्यावर नाटक ठेवणाऱ्या गावच्या मंडळाचे लोक आत आले आणि पुढच्या सालची बोलणी करूनच गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी उर्वशी म्हणाली होती, "डोळ्यात टोचून राह्यलं. हे जोडी फेकून देऊ का?"

भूपेशने पापणी वर करून पाहिली. डोळा लाल होता. तो लाल होता हे त्याला स्वच्छ दिसलं होतं, त्यात कुठलीही शंका नव्हती.

"या जोडीचे अजून पाच-सहा प्रयोग बाकी हाय," तो म्हणाला. "धूळ गेली असन. पाहू मंग."

एवढंच असतं तर एखाद्याने अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या संध्याकाळी पडदा उघडायच्या आधी त्याने तिला रंगमंचावर बोलावलं आणि तिची उभं राहायची जागा बदलली. आजवर ती दाराकडे तोंड करून डावीकडून यायची. आता उजवीकडून ये, असं त्याने सांगितलं, आणि खांदे धरून तिला फिरवलं.

"उजवा गाल पब्लिककडे ठेवजो."

"काऊन?"

"उजेड बराबर पडते इकडून."

तिने दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि बरं म्हणाली. त्यानंतर आठवडाभर रोज एका गावात बाया रडल्या. पहाटे गाडीत बसल्यावर तिने लेन्स काढायला हात उचलला की तो म्हणायचा, आता कुठी पाणी, कुठी साबण, राहू दे, झोप तशीच. आणि ती झोपायची.

*

दुपारी फोन आला. कंपनीचे मालक मनसारामभाऊ होते. भूपेश व्हरांड्यात गेला.

"कसा हाय पोरीचा डोळा?"

"औषध चालू हाय भाऊ."

"घाई करू नोको. भाग्यश्रीनं केलं काल तिचं काम. पाठ होतं तिले सारं, प्रॉम्प्टरले आवाजबी द्यावा नाई लागला." मनसारामभाऊ थांबले. "फकस्त तो दाराचा सीन पडला गड्या. अर्धे लोकं चायले उठले. उर्वशीसारखं रडाले जमन का कोनाले?"

भूपेशला बरं वाटलं.

फोन ठेवल्यावर त्याला कळलं की आपल्याला बरं वाटलं होतं. आपली बायको आत खाटेवर पडली आहे, तिच्या बुबुळाला जखम झाली आहे, आणि तिच्यासारखा सीन दुसरीला जमला नाही म्हणून आपण इथे व्हरांड्यात सुखावलो. त्याला स्वतःची किळस आली. बाहेर रिक्षावाले भांडत होते, ते तो थोडा वेळ बघत राहिला. मग डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार ढकलून आत गेला.

"मॅडम, आठ दिवसापासून लाल होता डोळा."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "त्या तर म्हणाल्या..."

"ते माह्यासाठी म्हणाली. मले माहीत होतं. तिनं फेकते म्हटलं होतं, मीच घालाले लावली. झोपाचीबी लेन्स घालूनच. रोज."

"आठ दिवस, रोज?"

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी फोन उचलला, डोळ्यातून काढून पाठवलेल्या नमुन्याबद्दल कोणाशी तरी बोलल्या, नव्या औषधाचं नाव लिहिलं आणि चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली.

"पहिल्या दिवशी आणली असती तं?" त्याने विचारलं.

"लेन्स बंद करून थेंब दिले असते आणि घरी पाठवलं असतं."

भूपेशने चिठ्ठीची घडी घातली. "आता?"

"डोळा वाचवायचा प्रयत्न करू, नव्या औषधाने होईलही. पण जखम भरली तरी फूल, म्हणजे पांढरा डाग, राहील. मधोमध राहिलं तर त्या डोळ्याने त्यांना धुरकटच दिसणार. आणि लेन्सचं नाव आता काढायचं नाही."

*

उजेड टोचतो म्हणून नर्सने खाटेजवळचा पडदा ओढून घेतला होता. उर्वशी उताणी पडली होती. तिचा उजवा डोळा सारखा पाझरत होता आणि ती ओढणीने अधूनमधून गाल टिपत होती. भूपेश पायथ्याशी उभा राहिला.

"मॅडमले सांगितलं मी."

"काय?"

"आठ दिवसाचं. सारं."

ती एकदम कोपरावर उठली. "काऊन सांगितलं? आता मनसारामभाऊपर्यंत जाईन हे. कोन देईन तुमाले पुढच्या साली नाटक?"

"नाई देऊ दे."

"माहा डोळा तर गेलाच. तुमचं तरी राह्यलं असतं."

त्याने चिठ्ठी खिशात घातली, पुन्हा काढली. बोलायचं ते अजून पुढेच होतं आणि ते बोलल्याशिवाय त्याला या खाटेजवळ बसता येणार नव्हतं.

"उर्वशी, तुले मी जागा बदलून देल्ली होती. उजवा गाल पब्लिककडे ठेव म्हटलं. ते उजेडासाठी नोहोतं."

"मले माहीत हाय."

"माहीत हाय?"

"इतक्या वर्षापासून स्टेजवर काम करून राह्यली मी. लाइट कोन्या बाजूनं हाय ते मले नाई समजत का?"

"मंग काऊन उभी राह्यली?"

ती हळूच पुन्हा आडवी झाली. तिने वरच्या पंख्याकडे पाहिलं.

"तुमी विंगेतून पाहत होते," ती म्हणाली. "तसं तुमी मले कवाच नोहोतं पाह्यलं. लगन झालं तवाबी नाई."

उजव्या डोळ्यातलं पाणी तर आठ दिवसांपासून वाहतच होतं, त्याच्याकडे आता लक्षही जात नव्हतं. पण तिचा डावा डोळा, चांगला डोळा, भरून आला. पाणी खालच्या पापणीशी जमलं आणि तिथेच थांबलं. तिने पापणी मिटली नाही. ओठ हलला नाही, हनुवटी थरथरली नाही, सगळा चेहरा शांत होता आणि मग तो एक थेंब सुटला. असंच पाहिजे होतं, भूपेशच्या मनात आलं. आवाज नको, हातवारे नको, अगदी असंच. पूर्ण चेहरा नजरेत यावा म्हणून तो एक पाऊल मागे सरला होता आणि त्याची मान किंचित कलली होती, हे त्याला स्वतःला कळलंही नाही.

उर्वशी त्याच्याकडेच बघत होती.

"दिसलं का बराबर?" तिने विचारलं.

त्याने कललेली मान सरळ केली.

"मंग भाग्यश्रीले असंच सांगजा," ती म्हणाली.