धक्क्यावरचा शेवटचा खुंटा

मी धक्क्यावरचा खुंटा बोलतोय. होड्या बांधायचा. माझी वाढ कायमचीच खुंटलेली, तेव्हा नावाबद्दल तक्रार नाही. एका फुटक्या जहाजाच्या डोलकाठीचे चार तुकडे करून इथे पुरले, त्यातला मी एकटाच उरलोय.

तेव्हा गाव म्हणजे अकरा घरं आणि एक बर्फाची खोली. भरतीचं पाणी माझ्या कमरेला लागायचं. दुपारी होड्या परतल्या की धक्क्यावर नुसता कलकलाट. बायका हातानं मासे निवडायच्या आणि तोंडानं सुनांची उणीदुणी काढायच्या. घरोघरचं सगळं मला ठाऊक होतं, पण सांगणार कुणाला?

होडीवाल्यांत एक होता, त्याला सगळे निवांतराव म्हणत. घाई म्हणून त्याला माहीत नव्हती. बाकीच्यांची जेवणं उरकली की हा येणार. परतल्यावर गाठ मारत बसायला नको, म्हणून माझ्याभोवतीचा दोर तो कायम बांधलेलाच ठेवी. आळशी मेला! पण जाताना माझ्या डोक्यावर थाप मारायचा, आणि मला तो फार आवडायचा. त्याची बायको जाळी विणायची.

एके दिवशी वारा फिरला. बाकीच्या होड्या लवकर परतल्या. शेजारी तिला म्हणाला, "वहिनी, बघून येऊ का?"

तिनं जाळ्यातून मानही वर केली नाही. "कशाला भावजी? येतील निवांत."

दुसऱ्या दिवशी सगळे शोधायला गेले. रिकाम्या हातांनी परत आले.

त्यानंतर त्या दोराला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. "त्यांची गाठ आहे. तेच सोडतील," म्हणायची.

वर्षं गेली. खाडीत गाळ भरला, होड्या मोठ्या बंदराकडे गेल्या, त्यांच्यामागे घरंही रिकामी झाली. बर्फाच्या खोलीत आता पाहुणे भाड्यानं राहतात. समुद्र माझ्यापासून शंभर पावलं लांब सरकलाय. लोक मला टेकून फोटो काढतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

आता इथून फरसबंद रस्ता जाणार आहे. परवा माझ्यावर लाल फुली मारली. काल आपल्या मुलीचा हात धरून निवांतरावाची बायको आली. मुलीनं पिशवीतून कात्री काढली.

"कापू नकोस गं," म्हणत ती वाळूत बसली. खाऱ्या वाऱ्यानं दोर लाकडासारखा कडक झाला होता. किटलीतलं कोमट पाणी ओतत, कधी नखांनी, कधी जाळ्याच्या सुईनं, ती तासभर झटत होती. शेवटी एक पीळ सुटला, मग दुसरा.

"चुकलं हो माझं," ती हळूच म्हणाली. "भावजींना त्याच दिवशी पाठवायला हवं होतं. ही गाठ सोडतेय. आता आपली गाठ पडेल ती तिकडेच. तोवर थोडी वाट तुम्ही बघा."

उद्या मला उपटतील. उपटा बापड्यांनो. फक्त एक करा, मला भंगारात टाकू नका, तिच्या दारात नेऊन ठेवा. बसायला तरी उपयोगी पडेन. धरून ठेवणं हे माझं काम होतं, आणि तिच्या माणसाचा मला नुसता दोरच धरून ठेवता आला.