झाकण अडकलं नव्हतं

घोलवडच्या चिकूच्या शेडमध्ये 'झाकण अडकणारा डबा' म्हणून जो बदनाम झाला ना मित्रांनो, तो मीच. दोन पुडांचा, स्टीलचा, आता बराच जुना झालेला. माझं झाकण जन्मात एकदाही अडकलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण खरं काय ते सांगायला माझ्या मालकिणीने फार उशीर केला.

कुठल्या कारखान्यात मला ठोकून आकार दिला, ते आठवत नाही. माझी खरी ओळख सुरू झाली तलासरीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात. चिमणबाबा नावाच्या म्हाताऱ्याने मला उचललं, आत डोकावून पाहिलं, कडी लावून आणि काढून दुकानदाराला पार जेरीस आणलं आणि मग माझ्या पोटावर मशीनने नाव कोरून घेतलं, 'चंद्रिका'. ही त्यांची लेक. मशीन फिरताना गुदगुल्या होत होत्या आणि मी मनातल्या मनात फुगलो होतो.

चिमणबाबा येशूवर विश्वास ठेवणारे. भात आणि नागली पिकवणारा साधा माणूस, पण त्यांची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. हायवेच्या टपरीवर चहाचा कप हातात आला, तरी बाबा टोपी काढून डोळे मिटायचे आणि मोठ्याने देवाचे उपकार मानायचे. चहा गार व्हायचा. कधी कधी बससुद्धा निघून जायची. कुणी हसत विचारलं, "काय बाबा, कुणाशी बोलता?" की म्हातारा खुललाच! बाकावर सरकून त्याला जागा करून द्यायचे आणि येशूची सुवार्ता सांगायला लागायचे. कुणी ऐकायचं, कुणी मध्येच उठून जायचं. बाबांना राग नसायचा. "आपण सांगायचं. घ्यायचं का नाय, ते त्याचं," असं म्हणून ते गार चहा पिऊन टाकायचे.

चंद्रिका लग्न होऊन घोलवडजवळ गेली आणि तिचं शेडमध्ये कामाला लागायचं ठरलं, तेव्हा बाबांनी मला तिच्या हातात दिलं. म्हणाले, "पोरी, डबा उघडायच्या आधी त्याचे उपकार मान. मोठ्यानं मान. शेजारची विचारील, मग तिला सांग. एवढंच काम हाय आपलं." चंद्रिका "हो बाबा" म्हणाली आणि अगदी मनापासून म्हणाली. ती खोटी बाई नव्हतीच मुळी.

शेडमधली ती पहिली दुपार मी कशी विसरेन! सकाळभर बायकांनी चिकू धुतले, लहान-मोठे वेगळे केले, खोक्यांत भरले. दुपारी सगळ्या गोल करून बसल्या. मधोमध दक्षाबेन. आवाज असा, की रस्त्यावरचा ट्रक थांबावा. मनाने चांगली हो, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. ती कुठल्याशा गावात झालेलं भांडण रंगवून सांगत होती. "धरम बदलायला येतात अन् घरं फोडतात. आपल्या शेडमध्ये कुणी असली आली ना, तर धनेशभाईला सांगून दुसऱ्या दिवशी घरी बसवीन!" धनेशभाई म्हणजे शेडचा मुकादम. बायका हसल्या.

चंद्रिकेने मला मांडीवर घेतलं. डोकं खाली घातलं. डोळे मिटले, ओठ हलले, पण आवाज काही फुटेना. तेवढ्यात दक्षाबेन ओरडली, "शुं थयुं, चंद्रिका? काय झालं?"

चंद्रिका दचकली. माझ्या कडीशी खटपट करत म्हणाली, "काही नाही गं. झाकण अडकलंय."

झालं! त्या दिवसापासून माझ्या नशिबी तेच आलं. रोज दुपारी ती माझ्यावर वाकायची, कडीशी खोटीखोटी झटापट करायची आणि तेवढ्यात मनातल्या मनात प्रार्थना उरकून घ्यायची. देवाशी बोलायला तिला माझा आडोसा लागायचा. बायका मात्र माझ्यावर उपचार करायला लागल्या. कुणी खोबरेल तेल चोळलं. दक्षाबेनने चमच्याने बडवलं, तिथे पोचा पडला. एकदा तर धनेशभाई पाना घेऊन आला आणि त्याने कडी अशी पिरगाळली, की पुढे पिशवीत आमटी सांडायला लागली. तरी ही बाई आपली म्हणतेय, "अडकलंय गं." आमटीने पिशवी पिवळी झाली, पण प्रार्थना काही ओठांबाहेर आली नाही.

सणासुदीला माहेरी गेली की चिमणबाबा विचारायचे, "शेडमध्ये कुणाला सांगितलंस का गं?" ती लगेच चहा ठेवायला उठायची. म्हाताऱ्याने पुन्हा कधी खोदून विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

तिच्या उजव्या हाताला रोज शुक्री बसायची. पलीकडच्या पाड्यावरची, कमी बोलणारी, चिकूला हात लावला की ओळखायची, हा पिकलाय का कच्चा. माझ्या झाकणाबद्दल सगळ्या बोलल्या, पण शुक्री कधी बोलली नाही. नुसती बघायची. चंद्रिकेचा नवरा उमेश हायवेवर अपघातात गेला, तेव्हा बायकांना वाटलं, ही आता संपली. ती रडली, खूप रडली. पण पुन्हा कामावर आली, माझ्यावर वाकली, जेवली आणि दुसरीला आपल्यातली भाजीही वाढली. तेही शुक्री बघत होती.

पुढे शुक्रीवरच आभाळ कोसळलं. तिचा मुलगा लहान्या गुजरातकडच्या मासेमारी बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. बोट वादळात सापडली. बाकीचे परतले, लहान्या परतला नाही. त्याचं शरीरही मिळालं नाही. घरच्या देवापुढे सगळं करून झालं. दिवसकार्य करायचं की वाट बघायची, हेच घरात कुणाला ठरवता येईना. शुक्री कामावर यायची, हात चालायचे, पण घास गिळायचा नाही. डबा आणायची तसा परत न्यायची.

अशाच एका दुपारी दक्षाबेन हात धुवायला गेली होती. शुक्री चंद्रिकेजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाय, एक विचारू? तुझा माणूस गेला तवा मी तुला बघितली. रडलीस, पण मोडली नाय. तू रोज डब्यावर वाकून काय करतेस ते झाकणासाठी नाय, एवढं मला कळतं. कोण हाय तुझ्याकडं? मला पण सांग ना."

अहो मित्रांनो, असं कुणी विचारतं का कधी? चिमणबाबा आयुष्यभर टपरीवर बसून ज्या प्रश्नाची वाट बघत राहिले, तो प्रश्न त्यांच्या लेकीच्या मांडीशी येऊन बसला होता. मी तर थरथरलोच. म्हटलं, बोल बाई, बोल! चंद्रिकेचे डोळे भरून आले. तिने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ओले हात झटकत दक्षाबेन येऊन बसली. "काय गुलूगुलू चाललंय दोघींचं?"

चंद्रिका म्हणाली, "काही नाही गं. म्हटलं, वेळ गेला की सगळं बरं होतं."

शुक्री तिच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि मान खाली घालून आपला डबा बंद करू लागली. त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. राग असता तर चंद्रिकेला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी घरी चंद्रिकेने मला इतकं घासलं, की मला वाटलं, भोक पाडते की काय! घासताना स्वतःशीच म्हणत होती, "उद्या सांगते. उद्या नक्की सांगते." दुसऱ्या दिवशी दक्षाबेन जवळून हललीच नाही. मग बसस्टॉपवर सांगायचं ठरवलं, तर बस लवकर आली. मग म्हणाली, शिमगा होऊन जाऊ दे, निवांत तिच्या घरीच जाते. शिमग्याला पाड्यांवर ढोल वाजले, होळ्या पेटल्या. सण सरला, पण शुक्री कामावर आली नाही. कावीळ झाली होती. आधी झाडपाल्याचं औषध घेतलं, डहाणूला नेलं तोवर अंगात काही उरलं नव्हतं. खाल्लंच कुठे होतं तिने इतके महिने! शुक्री गेल्याची बातमी दक्षाबेननेच आणली. पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलत होती.

चंद्रिका कामावरून तशीच पाड्यावर गेली. पिशवीत मी होतो. झोपडीत बायका बसल्या होत्या, शुक्रीची म्हातारी सासू बुधीबाई भिंतीला टेकून होती. शुक्रीची मुलगी शितल, आता कॉलेजात जाणारी, पाणी घेऊन आली. चंद्रिकेजवळ बसली आणि म्हणाली, "तुम्ही चंद्रिकाकाकी ना? आई तुमचं नाव घ्यायची."

चंद्रिकेने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

"आई घरी जेवायच्या आधी ताटावर वाकून बसायची," शितल सांगू लागली. "मला वाटायचं, चक्कर येते. विचारलं, तर म्हणाली, चंद्रिका अशी वाकते, तिचं कुणीतरी ऐकतं. मी पण वाकते. पण हाक कुणाला मारायची ते मला ठाऊक नाय. विचारलं होतं, तिनं सांगितलं नाय. बरी झाले की परत विचारीन." शितलने डोळे पुसले. "काकी, कुणाला हाक मारायची होती?"

बायका बघत होत्या. धनेशभाईचा पुतण्याही दारात उभा होता. चंद्रिकेचे हात पिशवीवरून मला चाचपत होते, पण तिने मला बाहेर काढलं नाही. मान वर केली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. येशूबद्दल सांगितलं. तो रडणाऱ्याजवळ बसतो, स्वतः मेला आणि उठला, म्हणून मेलेली माणसं त्याच्याकडे हरवत नाहीत, असं तिचा बाप शिकवायचा तसंच सांगितलं. उमेश गेला तेव्हा आपण कशाच्या जोरावर उभे राहिलो, तेही सांगितलं. आवाज चिरकत होता, शब्द पुढेमागे होत होते. पण कुणी तिला हाकललं नाही. कुणी ओरडलं नाही. ज्या भीतीने ती इतकी वर्षं वाकली, ती भीती त्या झोपडीत कुठेच नव्हती.

बुधीबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "चांगलं हाय गं, बाय. पण हे माझ्या सुनेला जिती असताना सांगायचं होतंस."

चंद्रिका तिथेच हमसून हमसून रडली. उमेशच्या वेळीही ती अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिने मला समोर ठेवलं, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे देवाचे उपकार मानले. दक्षाबेन घास हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे झाकण चांगलंच होतं?" "चांगलंच होतं," चंद्रिका म्हणाली. दक्षाबेनने तोंड वाकडं केलं, जरा पलीकडे सरकून बसली आणि जेवू लागली. कामावरून कुणीही काढलं नाही. आता चंद्रिका रोज मोठ्याने प्रार्थना करते. विचारणारीला सांगते, न विचारणारीच्या मागे लागत नाही. कधी कुणी ऐकतं, कधी कुणी नाक मुरडतं.

माझी कडी आता पार निकामी झालीय. लवकरच भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. पण एक सांगून जातो, मित्रांनो. ज्याच्या आधाराने तुम्ही तगलात, त्याबद्दल शेजारच्या दुःखी माणसाने विचारलं, तर उद्यावर ढकलू नका. लाज वाटली तरी सांगा, शब्द अडखळले तरी सांगा. कदाचित शुक्रीने सगळं ऐकून मान हलवली असती आणि आपल्याच देवापुढे जाऊन बसली असती. ते तिचं तिने ठरवलं असतं. पण हाक कुणाला मारायची हे ठाऊक नसताना ती बाई एकटी, उपाशी, ताटावर वाकून बसली आणि तशीच गेली.