पॉलिमरचा बंद पंप

केंद्रप्रमुख त्साई-युनचं डोकं सकाळपासून तडकलं होतं. वादळाने डोंगर खरवडून नदीत आणून ओतला होता आणि जलशुद्धीकरण केंद्रात शिरणारं पाणी तांदळाच्या लापशीइतकं दाट झालं होतं. नुसत्या तुरटीने गाळ बसेना. त्यात किंचित पॉलिमर सोडलं की कण एकमेकांना धरून तळाशी जातात. द्रावण तिने तयारही ठेवलं होतं. पण पंपावर लाल कागदाच्या दोन पट्ट्या फुली मारल्यासारख्या डकवलेल्या होत्या आणि त्यांवर तिच्या धाकट्या भावाचं, नगरसेवक गुओ-दोंगचं, नाव होतं.

निवडणुकीआधी त्याने कॅमेरे बोलावून त्या डकवल्या होत्या. "आमच्या पोरांना प्लास्टिक पाजता?" म्हणून गरजला होता. मात्रा किती, तपासणी कशी, हे सगळं तिने घरी त्याला समजावलं होतं. तेव्हा हसून म्हणाला, "ताई, तुझं बरोबर आहे गं. पण मतं तुझ्या प्रयोगशाळेत मिळत नाहीत." वरिष्ठांनी शेपूट घातली. ज्याची पट्टी त्यानेच काढायची, असा हुकूम निघाला.

गढूळ पाणी नळांना सोडण्यापेक्षा दुपारी तिने गावाचं पाणीच बंद केलं. लगेच भावाचा फोन.

"ताई, डायलिसिसवाल्यांकडे संध्याकाळपुरतंही पाणी नाही. आज आईचा नंबर आहे!"

"माहितीये."

"मग चालू कर ना पंप! गुपचूप."

"पट्टी तुझी. ये आणि काढ. कॅमेरे घेऊन ये."

"आईच्या जिवावर मला धडा शिकवतेस?"

"आईच्या जिवाशी तू खेळलास, गाढवा! आणि तिथे आपली एकटीच आई नाही झोपलेली."

तो आला. कोरे करकरीत गमबूट, मागे कॅमेरे, फाटकाबाहेर बादल्या घेतलेली माणसं. त्साई-युन पंपाशी उभी होती. तिला त्याच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: माझं चुकलं.

गुओ-दोंगने पट्ट्या अलगद सोलल्या आणि तो कॅमेऱ्याकडे वळला. "लोक तहानलेले, आणि अधिकारी हातावर हात ठेवून बसलेत! शेवटी मीच हा पंप सुरू करायला लावतोय. आजारी माणसांसाठी. त्यांत माझी आईपण आहे." त्याचा आवाज हवा तिथेच कापरा झाला.

टाळ्या पडल्या. एक बाई फाटकातून त्साई-युनवर ओरडली, "सख्खी आई ना गं तुझी? लाज नाही वाटत?"

त्साई-युनच्या अंगाची लाहीलाही झाली. ती तोंड उघडणार, तोच तो जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "कर चालू, ताई. उशीर होतोय."

तो अगदी निवांत होता. खरं सांगत बसण्यासाठी ती आईला ताटकळत ठेवणार नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

तिने बटण दाबलं.